'राग' : एक शब्द, दोन घरे

संगीतातील 'राग' हा शब्द नित्याच्या बोलण्यात आला की काय होतो, हे पाहावयाचे तर आमच्या भागासारखे दुसरे ठिकाण नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा व सौंसर मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. येथील मुलाच्या घरी मराठी असते आणि शाळेत बहुधा हिंदी. गवयाचा राग दोन्ही भाषांत एकच. आईला येणारा राग म्हणजे कोप. हिंदी पाठातील 'राग' म्हणजे मात्र आसक्ती, प्रीती.

यावरून मराठीने शब्द बिघडविला, असे म्हणणारे आढळतात. आम्हांस ते मान्य नाही. 'रञ्ज्' या धातूचा अर्थ रंगणे, तांबडे होणे. चित्त प्रीतीने रंगते, सुरांनी रंगते, तसे मुख कोपाने तांबडे होते. मराठीने मूळ रंग सोडला नाही. त्याची निराळी छटा उचलली. प्रीतीची मोकळी झालेली जागा 'लोभा'ने घेतली असे दिसते. म्हणूनच आपण पत्राअखेर 'लोभ असावा' असे लिहितो. हिंदी वाचकास तेथे हाव दिसेल.

मात्र हा भेद न ओळखल्यास वाचन फसते. 'रागलोभ' या मराठी जोडशब्दात कोप व माया समोरासमोर आहेत. संस्कृतातून आलेल्या 'रागद्वेषा'त आसक्ती व तिटकारा. आपले कित्येक लेखक तेथेही कोपच वाचतात आणि विरोधाची पुनरुक्ती होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५६ व्या श्लोकात राग, भय व क्रोध एकाच समासात आले आहेत. तेथे राग म्हणजे कोप घेतल्यास क्रोध दोनदा सांगितला, असे मानावे लागेल!

उलट दिशेनेही घोटाळा होतो. हिंदीत एकच गोष्ट घोळणारा मनुष्य 'राग अलापतो'. त्याच्या अनुकरणाने वृत्तपत्री मराठीत तो 'जुनाच राग आळवू' लागला आहे. मराठी आळवणीला आर्जवाचा, भक्तीचा गंध आहे. कंटाळवाण्या पुनरुक्तीसाठी आपल्यापाशी 'पालुपद' आहे, एका तारेचे 'तुणतुणे' आहे; त्या कामी रागाला जुंपण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही.

दोन भाषांत वाढणारे मूल गोंधळलेलेच असते, असे समजू नये. हे अर्थ त्याच्यापुढे वेगवेगळे मांडले, तर शब्दाचा सबंध प्रवास त्याला घरबसल्या कळतो. ते मांडण्याचे काम शिक्षकांचे आहे. आणि लिहिताना ते न विसरण्याचे काम लेखकांचे आहे.