इंडिका : आवृत्त्या आणि पाठभेद

ऑक्टोबर 2024 मध्ये रतन टाटा गेले. त्यानंतरचे आठ-दहा दिवस माझ्या फोनवर एकच गोष्ट निरनिराळ्या वेषांत येत राहिली. इंडिका चालेना म्हणून मोटारविभाग फोर्डला विकायला गेलेले टाटा, तिथे ऐकून घ्यावे लागलेले शब्द, आणि नऊ वर्षांनी त्याच फोर्डकडून झालेली जग्वार-लँड रोव्हरची खरेदी. गोष्ट रंगतदार आहे, म्हणून तर ती सगळ्यांना पाठ झाली. पण तिच्यात इंडिका कुठे आहे? नावापुरती आहे. तिची मागची सीट नाही, तिच्या इंजिनाचा आवाज नाही, तिच्यात बसलेली माणसे तर नाहीतच. कविता बाजूला ठेवून कवीचे चरित्र वाचायची आपल्याकडची जुनी सवय मोटारीलाही लागली, एवढाच याचा अर्थ.

मी मोटारींचा तज्ज्ञ नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेही अर्धवट. आयुष्य गोदामातल्या नोंदी लिहिण्यात गेले. मी छापील कागदाचा माणूस आहे. गेल्या वीस-बावीस वर्षांत गाड्यांची माहितीपत्रके, गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिका आणि टुरिस्ट गाड्यांची दरपत्रके असा एक गठ्ठा माझ्याकडे जमला आहे. दरपत्रके कोणी जपत नाही. मला मात्र त्यांतच इंडिकाचा खरा इतिहास सापडला, असे वाटते.

मराठी मुलखात घरगुती मोटार प्रथम बनली ती कुर्ल्यात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने तिथे फियाट बांधायला घेतली. इटलीतली 1100 हे तिचे मूळ. सत्तरच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले आणि शतक संपेपर्यंत ती जवळजवळ त्याच अंगाने निघत राहिली. इंजिन 1089 सीसीचेच. दिवे, जाळी, गिअरचा दांडा यांत फेरफार झाले, पण पुस्तकाच्या भाषेत त्याला पुनर्मुद्रण म्हणायचे : मुखपृष्ठ बदलले, आतला मजकूर तोच. 1983 च्या डिसेंबरात आलेली मारुती 800 हे भाषांतर होते, सुझुकीवरून केलेले आणि उत्तम. स्वतंत्र लेखन म्हणून जिच्याकडे बोट दाखवता येईल अशी पहिली छोटी घरगुती गाडी म्हणजे पुण्याची इंडिका.

स्वतंत्र म्हणजे निखळ स्वदेशी नव्हे. अंगरचना तुरिनच्या आयडिया या संस्थेची. यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियात बंद पडलेल्या निस्सानच्या कारखान्यातून उचलून जहाजाने आणलेली. पण कल्पना इथली होती, आणि ती मांडण्याची रीत मला फार लक्षणीय वाटते. अँबॅसॅडरची आतली जागा, झेनचा बाहेरचा आकार, मारुती 800 च्या आसपास किंमत आणि डिझेलचा खर्च : टाटांनी जाहीरपणे मांडलेला संकल्प हा असा होता. म्हणजे आधीच्या ग्रंथांवर केलेली ही टीका होती. त्यांत जे कमी पडते ते एकत्र आणायचे. ‘मोर कार पर कार’ ही जाहिरातीची ओळही तेच सांगत होती.

जानेवारी 1998 मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली. त्याच महिन्यात, 26 तारखेला, कोकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला. या दोन घटनांचा संबंध कोणी जोडलेला माझ्या वाचनात नाही. मी तो पुढे जोडणार आहे.

डिसेंबरात विक्री सुरू झाली आणि लाखाच्या वर लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. मारुतीला आपल्या 800 ची किंमत खाली आणावी लागली. डिझेल इंजिनाचे नाव 475 : चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 75 मिलिमीटर. ट्रक बांधणाऱ्या कंपनीने आपल्या बाळाला असे रोकडे नाव ठेवावे हे मला आवडते. 1405 सीसी, सुमारे 54 अश्वशक्ती, घाई नाही. आवाज मात्र ट्रकच्या घराण्याचा. पहिल्या आवृत्तीत चुका पुष्कळ होत्या. तक्रारी आल्या, कंपनीने त्या मान्य करून भाग बदलून दिले आणि 2001 मध्ये व्ही-टू काढली. 2000-01 या वर्षात टेल्कोला पाचशे कोटींच्या घरात तोटा झाला होता, तेव्हा ही सुधारणा हौसेची नव्हती.

व्ही-टू म्हणजे दुसरी, सुधारित आवृत्ती. गाडीवर आवृत्तीचा आकडा असा उघड छापलेला मी तरी त्याआधी पाहिला नव्हता. पहिलीत चूक झाली होती याची कबुली मागच्या दारावर घेऊन ती गाडी रस्त्यावर फिरली. माझ्या मते सगळ्या इंडिकांत हीच सर्वांत चांगली. संपादकाने मूळ कल्पनेला हात लावला नाही, फक्त अशुद्धे काढली. छप्पर उंच, दार रुंद, मागे तिघे खांद्याला खांदा न घासता बसतील अशी सीट. नोंद पाच माणसांची. गणपतीत ती सात माणसे आणि एक मखर नेते हे मी पाहिले आहे.

आणि इथेच तिचे भाग्य फिरले, किंवा उजळले. कसे म्हणायचे ते कोण वाचतो यावर आहे.

त्या काळात डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, कारण दर सरकार ठरवत असे. दिवसाला दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी पळवणाऱ्याला हा फरक म्हणजे कर्जाचा हप्ता. त्यामुळे इंडिकावर पांढऱ्या पाटीपेक्षा पिवळी पाटी जास्त दिसू लागली. आता रेल्वेचा धागा. कोकण रेल्वेची स्टेशने गावांपासून लांब. आमचे रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर कुवारबावजवळ. मग तिथून पावस, जयगड, लांजा. रात्री दोनला उतरलेल्या चाकरमान्याला एसटी सकाळपर्यंत नाही. रेल्वेने मुंबईचे अंतर कमी केले आणि शेवटच्या वीस-तीस किलोमीटरचा प्रश्न उघडा पाडला. तो सोडवणारी जी गाडी स्टेशनबाहेर उभी असे, ती पुढच्या दहा-बारा वर्षांत बहुधा इंडिका असे.

मोटारींवर लिहिणारे याला अपयश म्हणतात. घरगुती गाडी टॅक्सी झाली, नाव खाली आले, मध्यमवर्ग दूर गेला. यातले शेवटचे खरे आहे. माझ्या एका मावसभावाने 2003 मध्ये हौसेने पांढरी इंडिका घेतली. एका लग्नात मांडवाबाहेर तो गाडीला टेकून उभा असताना एका पाहुण्याने विचारले, “चिपळूणला सोडणार काय? किती घ्याल?” वर्षाच्या आत त्याने गाडी विकली. गाडीने त्याला काही त्रास दिला नव्हता.

पण अपयश कोणाचे? घरगुती म्हणजे कोणाच्या घरची? माझ्या आईला शेवटच्या दोन वर्षांत उपचारांसाठी आंबा घाटातून कोल्हापूरला अकरा वेळा न्यावे लागले. आमच्याकडे गाडी कधीच नव्हती. दर वेळी भाड्याची इंडिका. गुडघे न वाकणाऱ्या बाईला आधी पाठ टेकवून मग पाय आत घेता येतील एवढे दार आणि एवढी उंची तिला होती. आई मागच्या सीटवर अर्धी आडवी, डोके बहिणीच्या मांडीवर, साखरप्यानंतर वळणे सुरू झाली की डोळे मिटून. तुरिनच्या कागदावर कुटुंब म्हणून जे काढले असेल ते हेच होते; फक्त गाडीचे मालक ते कुटुंब नव्हते. मोटार विकत घेऊ न शकणाऱ्यांची घरगुती मोटार हा संकल्पाचा ऱ्हास नसून त्याचा सर्वांत लांब पोचलेला अर्थ होता, असे माझे म्हणणे आहे.

मधल्या फांद्यांवर फार थांबत नाही. 2002 मध्ये मागे डिकी जोडून इंडिगो झाली. 2003 मध्ये इंग्लंडात सिटीरोव्हर या नावाने तिचे प्रकाशन झाले. तिथल्या समीक्षकांनी ती झोडपली आणि किंमत पाहता त्यांचे फार चुकले नाही. पुढे चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी कर कमी झाला, तेव्हा इंडिगोची डिकी कापून 2008 मध्ये सीएस काढली. लेखकाचा शब्द कोणी कापला तर आपण गहजब करतो. इथे अर्थखात्याने शेपटी कापली आणि गाडी खपली.

त्याच वर्षी व्हिस्टा आली. आवृत्ती कसली, नवे पुस्तकच : अंग नवे, पाया नवा, आणि पोटात फियाटचे 1.3 लिटरचे डिझेल इंजिन, रांजणगावच्या टाटा-फियाट कारखान्यातले. कुर्ल्याला पुनर्मुद्रित होणारी फियाट अशी आडवाटेने पुण्याच्या गाडीत शिरली. वेगाचा काटा चालकापुढून काढून मधोमध बसवला होता. उजवे-डावे चक्र असलेल्या दोन्ही तऱ्हा सोप्या पडाव्यात यासाठी असे करतात, पण परिणाम वेगळाच झाला. मागे बसलेल्या आजीलाही आकडा दिसू लागला. “ऐंशी झाले रे!” हे वाक्य त्या मधल्या काट्याचे देणे आहे.

व्हिस्टा शांत होती, ऐसपैस होती, घाटात दमत नव्हती. तरी ती मला कमी पटते. तिच्यावर एक काम लादले होते : इंडिका असूनही इंडिका वाटू नये. याला पुरावा हवा तर कंपनीने जुनी व्ही-टू बंद केली नाही हा घ्या. भाडेवाल्यांना जुनी, घरवाल्यांना व्हिस्टा. एकाच ग्रंथाच्या दोन परंपरा शेजारी-शेजारी चालू, एक लोकांची, एक शुद्ध. पाठचिकित्सा करणाऱ्याला हे दृश्य ओळखीचे आहे. अशा वेळी लोकांची प्रत जिंकते, आणि इथेही नावाचा अर्थ तिनेच ठरवला.

पुढचे झरझर घडले. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर सरकारी बंधनातून सुटले. ज्या फरकावर 475 उभी होती तो झपाट्याने आटत गेला. जानेवारी 2015 मध्ये व्हिस्टाच्याच पायावर बोल्ट आली, इंडिका हे नाव टाकून. 2016 ची तिची धाकटी झिका म्हणून जाहीर झाली होती, त्याच सुमारास त्या नावाचा रोग जगभर गाजला म्हणून टियागो झाली. ती बनली साणंदला, गुजरातेत. 2018 मध्ये इंडिकाचे उत्पादन थांबले. बोल्टची माहितीपत्रके माझ्याकडे दोन आहेत. दोन्हींत इंडिकाचा उल्लेख नाही. मारुतीने 800 नंतर आल्टोला तोच 800 आकडा लावला होता. वारसा सांगायचा असता तर सांगता आला असता. टाटांना तो सांगायचा नव्हता, कारण वारसा स्टेशनबाहेर पिवळी पाटी लावून उभा होता.

दरपत्रकांकडे येतो. माझ्याकडच्या सर्वांत जुन्या कागदावर तीन रकाने आहेत : इंडिका, सुमो, बस. नंतर सुमोच्या जागी तवेरा येते, मग इनोव्हा. पहिला रकाना हलत नाही. गेल्या मे महिन्यात गणपतीपुळ्याला पाहुण्यांना न्यायचे होते म्हणून मारुती मंदिराजवळच्या एका गाडीवाल्या पोराला फोन केला.

“काका, इंडिका पाठवू की इनोव्हा?”

“इंडिका आहे तुझ्याकडे?”

“नाही ओ. इंडिकाच्या रेटमध्ये डिझायर येईल.”

तो कागद मी मागून घेतला. त्यावर यंदाची तारीख आहे आणि पहिल्या रकान्यात, गाडी बनायची थांबून सात वर्षे झाली तरी, इंडिका, एसी आणि बिगरएसी.