तळटीप पडद्यावर आली तर?

शोधनिबंध लिहायला बसलं की पहिला पेच पडतो तो स्पष्टीकरणाचा. संदर्भ मजकुरातच उलगडायचा की खाली तळटीप द्यायची? याच प्रश्नाला एका जुन्या टीव्ही मालिकेनं धाडसी उत्तर दिलंय.

दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चा पहिला भाग ‘इन्फर्नो’. त्यात नरकयात्रेचे 34 सर्ग आहेत. चित्रकार टॉम फिलिप्स आणि दिग्दर्शक पीटर ग्रीनअवे यांनी त्यातल्या पहिल्या आठ सर्गांवर ‘अ टीव्ही दान्ते’ केली. ब्रिटनच्या चॅनल फोरवर ती 1990 साली दाखवली गेली. यात बॉब पेक दान्ते झालाय आणि जॉन गिलगुड त्याचा वाटाड्या विर्जिल. भव्य सेट वगैरे काही नाही. चेहरे कॅमेऱ्याकडे बघत ओळी म्हणतात, प्रतिमेवर प्रतिमा चढत जाते आणि मध्येच एक चौकट उघडून एखादा तज्ज्ञ संदर्भ सांगतो.

पहिल्या सर्गात बिबट्या, सिंह आणि लांडगी दान्तेची वाट अडवतात. अभ्यासक त्यांच्याकडे पापांची रूपकं म्हणून बघत आलेत. इथे मात्र चौकटीत येतात निसर्गअभ्यासक डेव्हिड अ‍ॅटनबरो! रूपकाच्या आत आधी एक खरं जनावर आहे, हे त्यामुळे चटकन जाणवतं. शिवाय टीपेला चेहरा मिळतो. हा अर्थ आकाशातून पडलेला नाही, कुणीतरी लावलेला आहे, हे दिसतं.

पण इथेच माझी तक्रारही आहे. पुस्तकात टीप कधी वाचायची, हे मी ठरवते. प्रक्षेपणात ती मुभा नाही. कविता आणि टीप दोन्ही एकाच वेळी कान मागतात आणि बऱ्याचदा हरते ती कविता. मूळ इटालियनमध्ये तीन-तीन ओळींची कडवी यमकांच्या साखळीनं पुढच्या कडव्यात ओढतात. चौकट उघडली की ती ओढ तुटते. उलट, एकमेकींत मिसळणाऱ्या प्रतिमा तीच ओढ डोळ्यांना देतात. म्हणून मला मालिकेतल्या प्रतिमा चौकटींपेक्षा दान्तेच्या जास्त जवळच्या वाटतात.

तुमच्या प्रबंधातही हे तपासून बघा. टीप बरोबर आहे का, एवढंच विचारू नका. ती वाचकाला कुठे थांबवते, तेही बघा. माझ्या पहिल्या प्रकरणातल्या निम्म्या टिपा मी त्यानंतर काढून टाकल्या.