घरगुती माध्यम-यंत्रणेचे दर्शनी रूप : पुनर्रचनेची गरज आणि निकष ('कोडी' या प्रणालीच्या संदर्भात एक समीक्षा)

प्रस्तावना

रूप आणि आशय यांच्या परस्परसंबंधाची चर्चा साहित्य, चित्र, शिल्प व वास्तू या कलांच्या संदर्भात दीर्घकाळ होत आली आहे. संगणकीय प्रणालीचे दर्शनी रूप, ज्याला सामान्यतः 'इंटरफेस' म्हटले जाते, ते मात्र या चर्चेच्या कक्षेबाहेर राहिले. ते तंत्रज्ञांचे क्षेत्र आहे, असा एक समज त्यामागे आहे. वस्तुतः घरातील लहानथोर ज्या रचनेशी रोज संबंध ठेवतात, तिचीही समीक्षा होणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय घरगुती माध्यम-यंत्रणा हा आहे. दिवाणखान्यातील टीव्हीला जोडलेली आणि घरातील चित्रपट, संगीत व छायाचित्रे यांचा संग्रह पडद्यावर मांडून दाखवणारी प्रणाली, असे तिचे वर्णन करता येईल. अशा प्रणालीचे रूप जुनाट झाले असून ते आधुनिक केले पाहिजे, अशी मागणी दर काही वर्षांनी पुढे येते. ही मागणी कितपत रास्त आहे आणि ती कोणत्या निकषांवर तपासावी, याचा विचार 'कोडी' या प्रणालीच्या आधारे येथे केला आहे.

'कोडी'ची वाटचाल

मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स' या खेळयंत्रावर चित्रपट व संगीत वाजवता यावे, या हेतूने काही हौशी प्रोग्रामरांनी २००२ मध्ये एक प्रणाली लिहिली. त्या यंत्राची स्मृती केवळ ६४ मेगाबाइट होती. पुढे ही प्रणाली 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर' या नावाने वाढली, खेळयंत्राच्या बाहेर पडून सर्वसाधारण संगणकांवर आली आणि २०१४ मध्ये तिने 'कोडी' हे नाव धारण केले. ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून तिचे काम मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालते.

या प्रणालीचे एक वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे आहे. तिचे दर्शनी रूप मूळ यंत्रणेपासून वेगळे ठेवलेले आहे. या वेगळ्या थराला 'स्किन' म्हणतात. आपण त्यास 'आवरण' म्हणू. आवरण बदलले तरी आतील संग्रह व त्याची व्यवस्था तशीच राहते. २००९ च्या अखेरीस 'कॉन्फ्लुअन्स' हे आवरण मूळ आवरण म्हणून आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सतराव्या आवृत्तीत त्याची जागा 'एस्चुअरी'ने घेतली. २०२४ मध्ये आलेल्या एकविसाव्या आवृत्तीतही तेच कायम आहे. पहिल्या नावाचा अर्थ संगम, दुसऱ्याचा नदीमुख. संगमाकडून नदीमुखाकडे झालेला हा प्रवास प्रगतीचा होता की केवळ वेषांतराचा, हा आपला प्रश्न आहे.

'आधुनिक' हे मूल्य नव्हे

'आधुनिक' या विशेषणाची प्रथम छाननी केली पाहिजे. २००७ मध्ये 'विंडोज व्हिस्टा' बाजारात आली, तेव्हा काचेसारख्या पारदर्शक चौकटी, चकाकी आणि सावल्या यांना आधुनिक म्हटले जात होते. २०१० मध्ये 'विंडोज फोन'ने सपाट रंगांची व ठळक अक्षरांची शैली आणली; २०१३ मध्ये ॲपलच्या 'आयओएस ७'ने चामडे व लाकूड यांची नक्कल करणारे पोत टाकून दिले; २०१४ मध्ये गूगलने 'मटेरियल डिझाइन' जाहीर केले. अवघ्या सात वर्षांत 'आधुनिक' या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलट झाला. यावरून हा शब्द गुणवाचक नसून कालवाचक आहे, हे स्पष्ट होते. एखादे रूप जुने आहे, एवढे म्हटल्याने त्यात नेमका कोणता दोष आहे, ते सिद्ध होत नाही. म्हणून समीक्षेला कालनिरपेक्ष निकष शोधावे लागतात. ते या यंत्रणेच्या वापराच्या परिस्थितीतूनच मिळतात.

पहिला निकष : अंतर

संगणकाचा पडदा डोळ्यांपासून सुमारे दोन फुटांवर असतो. टीव्हीचा पडदा सुमारे दहा फुटांवर. अंतर पाचपट झाले की तेवढेच ठळक दिसण्यासाठी अक्षरही पाचपट मोठे असावे लागते. संगणकावर चार मिलिमीटर उंचीचे अक्षर सुखाने वाचता येत असेल, तर टीव्हीवर ते दोन सेंटिमीटरचे हवे. बत्तीस इंची पडद्याची उंची जेमतेम चाळीस सेंटिमीटर असते. म्हणजे एका अक्षराने उंचीचा विसावा हिस्सा व्यापला. ओळींमधील अंतर जमेस धरता अशा पडद्यावर दहाबारा ओळींहून अधिक मजकूर सुवाच्यपणे मावत नाही. देवनागरीत ही अडचण अधिक जाणवते. कारण वेलांटी, मात्रा व अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली जागा मागतात, त्यामुळे तेवढ्याच उंचीत मूळ अक्षर लहान होते.

या निकषावर 'कॉन्फ्लुअन्स'ची मर्यादा उघड होते. त्यात चित्रपट, मालिका, संगीत हे मुख्य विभाग एका आडव्या पट्टीत मांडले होते आणि पाठीमागे मोठे चित्र होते. ही मांडणी देखणी होती. परंतु मोठ्या अक्षरांतील शब्द आडवे ठेवले की एका वेळी मोजकेच शब्द दिसतात. उरलेले पडद्याबाहेर राहतात व ते आहेत हे लक्षात ठेवावे लागते. 'एस्चुअरी'ने हेच विभाग डावीकडे उभ्या यादीत आणले. तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत अधिक विभाग एकाच वेळी दिसू लागले. हा बदल रुचीचा नसून भूमितीचा आहे, आणि म्हणून तो समर्थनीय आहे.

दुसरा निकष : कळींची संख्या

माउसने पडद्यावरील कोणत्याही बिंदूवर थेट जाता येते. रिमोटने तसे जाता येत नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी एकेक पायरी चढावी लागते. म्हणून येथे सौंदर्याचा हिशेब कळींच्या संख्येतही करावा लागतो. 'एस्चुअरी'त डावीकडील विभागावर थांबताच अर्धवट पाहिलेले व नव्याने आलेले चित्रपट उजवीकडे दिसतात. काल सोडलेला चित्रपट दोनतीन कळींत पुन्हा सुरू होतो. संग्रह रिकामा असेल, तर सामग्री कोठून जोडावी हे सांगणारी सूचना त्याच जागी येते आणि तो विभाग नको असल्यास यादीतून काढण्याची सोयही तेथेच मिळते. नवख्या माणसाचा असा विचार करणे हे चांगल्या रचनेचे लक्षण होय.

तथापि याच आवरणात एक उणीव आहे. 'कॉन्फ्लुअन्स'मध्ये प्रणालीच्या मांडणीचा विभाग शब्दरूपाने इतर विभागांच्याच रांगेत होता. 'एस्चुअरी'त तो यादीच्या वर, शब्दाविना केवळ दातेरी चाकाच्या चिन्हाने दर्शवला आहे. हे चिन्ह मोबाइलच्या सरावाने तरुणांना परिचित आहे. ज्याला तो सराव नाही, त्याच्यासाठी शब्द जाऊन चित्रलिपी आली. येथे मात्र प्रचलित शैलीने उपयुक्ततेवर मात केली, असेच म्हणावे लागते.

तिसरा निकष : दुकान की ग्रंथालय?

आज पुनर्रचनेची मागणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा चित्रपट पुरवणाऱ्या सेवांचे रूप असते : मोठ्या भित्तिचित्रांच्या एकाखाली एक रांगा, आपोआप सुरू होणारी झलक आणि शिफारशींची रेलचेल. हे रूप आकर्षक आहे. पण ते एका वेगळ्या हेतूतून घडले आहे. काय पाहायचे हे न ठरवता आलेल्या ग्राहकास आपल्या साठ्यातील काहीतरी पाहण्यास प्रवृत्त करणे, हा त्या सेवेचा व्यवहार आहे. ती दुकानाची दर्शनी मांडणी आहे. मधल्या फळीवर काय ठेवायचे, ते दुकानदार ठरवतो.

घरगुती माध्यम-यंत्रणेचे नाते दुकानाशी नसून ग्रंथालयाशी आहे. येथील प्रत्येक वस्तू घरच्यांनीच निवडून ठेवलेली असते. लग्नाचे चित्रीकरण, आजोबांच्या आवाजातील ध्वनिफीत, जमवलेल्या मैफली, असा तो संग्रह असतो. तेथे पटवणे अभिप्रेत नसून सापडणे अभिप्रेत आहे. ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. त्यांतील चौथा सिद्धांत वाचकाचा वेळ वाचला पाहिजे असे सांगतो, तर पाचवा ग्रंथालयाला वाढती संस्था मानतो. या दोन सिद्धांतांहून योग्य कसोटी या यंत्रणेला क्वचितच मिळेल. दुकानाचा वेष ग्रंथालयाला चढवला की त्या वेषाबरोबर दुकानाचा हेतूही आत येतो. हजार चित्रपटांच्या संग्रहात आद्याक्षरावरून शोधण्याची वाट मागे पडते आणि डोळ्यांना भुलवणारी वीस भित्तिचित्रे पुढे येतात.

सवयीचे मोल

पुनर्रचनेच्या चर्चेत सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा सवयीचा आहे. घरातील वडीलधारी व्यक्ती पडद्यावरील शब्द दर वेळी वाचतेच असे नाही. 'दोनदा उजवीकडे, एकदा खाली' हे तिच्या बोटांना पाठ झालेले असते. आवरण एका रात्रीत बदलले की ती विद्या निरुपयोगी ठरते. मग भजन लावण्यासाठी नातवाला हाक मारावी लागते. जी व्यक्ती कालपर्यंत स्वावलंबी होती, ती आज परावलंबी झाली, ही या बदलाची किंमत आहे, आणि ती रचनाकाराच्या हिशेबात सहसा येत नाही.

या बाबतीत 'कोडी'ने घालून दिलेला पायंडा अनुकरणीय आहे. 'एस्चुअरी' आले तरी 'कॉन्फ्लुअन्स' नष्ट केले गेले नाही. ज्यांना ते हवे होते, त्यांना ते जोडसामग्री म्हणून घेता येत होते. याउलट 'विंडोज मीडिया सेंटर' ही २००२ मध्ये आलेली यंत्रणा २०१५ च्या 'विंडोज १०'मध्ये वगळण्यात आली, तेव्हा वापरणाऱ्यांच्या हाती निवड उरली नाही. रूप आणि यंत्रणा वेगळी ठेवण्याचे तांत्रिक तत्त्व येथे नैतिक अर्थही धारण करते.

यावर असा आक्षेप घेता येईल की जुन्या रूपाला चिकटून राहिल्यास नवे वापरकर्ते व नवे स्वयंसेवक दुरावतील. या आक्षेपात तथ्य आहे. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या प्रकल्पाला तरुणांचा उत्साह लागतोच, आणि प्रथमदर्शनी रूपावरून विश्वास बसतो किंवा उडतो. परंतु हा युक्तिवाद नवे आवरण निर्माण करण्याच्या बाजूचा आहे. जुने हिरावून घेण्याच्या बाजूचा नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की घरगुती माध्यम-यंत्रणेला दृश्य पुनर्रचनेची गरज असू शकते, मात्र 'आधुनिक दिसावे' हे तिचे कारण होऊ शकत नाही. दहा फुटांवरून अधिक स्पष्ट वाचता येते काय, इच्छित वस्तू कमी कळींत सापडते काय, संग्रहाचे स्वरूप ग्रंथालयाचेच राहते काय आणि जुन्या सवयीला परतीची वाट मोकळी आहे काय, या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तरच पुनर्रचना सार्थ ठरते. २०१७ चा बदल या कसोटीवर बव्हंशी उतरतो. चिन्हांच्या बाबतीत तो उणा पडतो. मराठीत 'कोडी' हे 'कोडे' या शब्दाचे अनेकवचन आहे. दिवाणखान्यात बसलेल्या वृद्धेला आपलाच संग्रह कोडे वाटू नये, एवढे भान पुढील प्रत्येक पुनर्रचनेने ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.