‘लव्ह डिव्होशन सरेंडर’ : प्रार्थनेचे पुनर्लेखन

एका कलावंताची प्रार्थना दुसऱ्याला स्वतःची म्हणून उच्चारता येते काय? संहितांच्या परस्परसंबंधांची चर्चा बहुधा शब्दकलेपुरती राहते. संगीतात मात्र हा प्रश्न अधिक तीव्रतेने उपस्थित होतो. जाझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन याने रॉक संगीतातील कार्लोस सांताना याच्यासह १९७३ मध्ये सादर केलेली ‘लव्ह डिव्होशन सरेंडर’ ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने विचारार्ह ठरते.

तिची पूर्वसंहिता म्हणजे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन याची डिसेंबर १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘अ लव्ह सुप्रीम’ ही चार भागांची रचना. तिच्या पहिल्या भागात चार स्वरांचे एक सूत्र निरनिराळ्या स्वरस्थानांवरून फिरत अखेर कोल्ट्रेनच्या आवाजात शब्दरूप घेते. स्तोत्रवाचक शीर्षक असलेल्या शेवटच्या भागात तो वेष्टनावर छापलेली स्वतःची कविता अक्षरागणिक वाद्यातून ‘म्हणतो’, हे लुइस पोर्टर या अभ्यासकाने दाखवून दिले आहे. शब्द ऐकू येत नाहीत. त्यांचा उच्चार ऐकू येतो. ओळ श्वासाने तोलली जाते. येथील समर्पण केवळ आशयात नसून श्वासाच्या या मर्यादेत आहे.

गिटारला श्वास नाही. मॅक्लॉफ्लिन आणि सांताना मूळ रचनेचा पहिला भाग स्वीकारतात, स्तोत्र वगळतात. विद्युत गिटारचा स्वर लांबवता येतो; दोन वादक द्रुत गतीत एकमेकांना उत्तरे देतात. ईश्वराला उद्देशून केलेल्या संबोधनाची जागा संवाद घेतो आणि संवादाची जागा क्वचित चढाओढ. दोघेही तेव्हा श्री चिन्मय यांचे शिष्य होते. कोल्ट्रेनची प्रार्थना कोणत्याही एका संप्रदायात मावत नाही. येथे मात्र गुरू मध्यस्थ आहे.

म्हणून ही ध्वनिमुद्रिका अनुकरण ठरवून निकालात काढणे सोपे, पण अपुरे आहे. कोल्ट्रेनने आपल्या पहिल्या पत्नीच्या नावाने रचलेली ‘नाइमा’ ही धून दोघे साध्या, अविद्युत गिटारवर वाजवतात. छेडलेला स्वर आपोआप विरत जातो. वादकाला तो धरून ठेवता येत नाही. श्वासाच्या मर्यादेला तारेने दिलेले हे प्रतिरूप होय. प्रार्थनेच्या सूत्रात हरवलेले समर्पण लौकिक प्रेमाच्या धुनेत गवसते.

पुढे दोघेही त्या गुरूपासून दूर झाले. तेव्हा या कलाकृतीचे मूल्य शिष्यांच्या श्रद्धेवरून नव्हे, तर घाटावरूनच ठरवावे लागते. पूर्वसंहितेशी निष्ठा तिच्या सूत्राच्या पुनरुच्चारात नसते. तिने पत्करलेल्या मर्यादेचा आपल्या माध्यमात शोध घेण्यात असते.