माळी, पाणी आणि टायमर

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात अभ्यासही न जमणाऱ्यासाठी एक ओवी आहे. संसार सोडू नकोस, केलेल्या कर्माचं कर्तेपण तेवढं घेऊ नकोस, हे सांगताना ज्ञानदेव बागेत शिरतात. माळी नेईल तिकडे जाणाऱ्या पाण्यासारखं हो, म्हणतात: ‘माळियें जेउतें नेलें । तेउतें निवांतचि गेलें । तया पाणिया ऐसें केलें । होआवें गा ॥’

ओवीची बांधणी पाहावी. पहिला शब्दच माळ्याचा. नेलं त्याने, पण गेलं कोण, हे तिसऱ्या चरणापर्यंत कळत नाही. कर्तेपण सोडायला सांगणाऱ्या ओवीत पाण्याने आपलं नावही मागे ठेवलं आहे. ‘जेउतें’मागून (जिकडे) ‘तेउतें’ (तिकडे) येतं, जसं एका वाफ्यातलं पाणी पुढच्यात उतरावं. आणि जातं कसं? ‘निवांत’. मुकाट जाण्यात कुरकूर दडलेली असते, निवांत जाण्यात भरवसा असतो. पुढे रथ येतो: वाट सरळ की आडवळणाची, याची खटपट तो करत नाही.

मुळशीतल्या आमच्या बागेच्या नळाला टायमर लावला, तेव्हा वाटलं, माळी मिळाला. टाकीच्या पाण्याला दाब बेताचा, म्हणून बॉल व्हॉल्व्हचा घेतला. एक दिवसाआड सकाळी सहाला दहा मिनिटं. आम्ही पुण्यात असलो तरी दारं धरायला कोणीतरी आहे.

मे महिन्यात एकदा मुक्कामाला असताना रात्री वळीव कोसळला. सकाळी सहाला टायमर उघडला आणि काठोकाठ भरलेल्या मोगऱ्याच्या आळ्यात इमानाने पाणी सोडू लागला. तेव्हा उमगलं, हा माळी नव्हे; हाही पाणीच. सांगितलं तसं वागणारा. ओवीतलं निवांतपण माळ्याच्या नजरेवर उभं आहे, आणि इथे नजरच नव्हती.

मुळशीत ही ओवी सोपी राहत नाही. धरणात अडवलेलं मुळेचं पाणी विजेसाठी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला नेलं जातं. पाणी निमूट गेलं; पण धरणात ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या ती माणसं 1921 सालीच सत्याग्रहाला उभी राहिली, पुढे सेनापती बापटांच्या मागे. नेणारा कोण, हे त्यांनी विचारलं. ज्ञानदेवांचा माळी विश्व चालवणारा आहे. ते पद वाटेल त्याला देता येत नाही.

टायमर बंद केला. फावड्याने आळ्याचं दारं फोडलं, उताराकडे. साचलेलं पाणी निघालं, निवांत.