फीडफॉरवर्ड अचूक, तरी ओव्हरशूट का?

फीडफॉरवर्ड शिकताना एक पद्धत डोक्यात पक्की बसते. पीआय कंट्रोलर आधी वेगळा ट्यून करायचा, मग डिस्टर्बन्स मॉडेल भागिले प्रोसेस मॉडेल करून फीडफॉरवर्ड जोडायचा. झालं काम! या सवयीला धक्का देणारा पेपर म्हणजे गुझमान आणि हॅग्लुंड यांचा 'जर्नल ऑफ प्रोसेस कंट्रोल'मधला 2011 चा लेख. संशोधनाला लागण्याआधी तो जरूर वाचा, पण डोळे उघडे ठेवून.

मुद्दा समजायला हीट एक्स्चेंजर घ्या. थंड पाण्याचा प्रवाह वाढला की तापमान लगेच उतरू लागतं. वाफेच्या व्हॉल्व्हचा परिणाम मात्र 10 सेकंद उशिरा दिसतो. मागच्या वेळेत जाऊन व्हॉल्व्ह उघडता येत नाही, त्यामुळे तेवढी एरर राहणारच. ती पीआयलाही दिसते आणि त्याचा इंटिग्रल वाढत जातो. आता बघा, शेवटची सगळी भरपाई फीडफॉरवर्डनेच केली असेल, तर पीआयला मूळ जागी परतावं लागतं. म्हणजे एररच्या आलेखाचं एकूण क्षेत्रफळ शून्य हवं. तापमान सेटपॉइंटच्या जेवढं खाली गेलं, तेवढंच वर जाऊन हिशेब पुरा होणार!

लेखकांचा उपाय सोपा आहे: फीडफॉरवर्डचा गेन कमी करा. किती? पीआयचा गेन भागिले इंटिग्रल टाइम, गुणिले फीडबॅक बंद असतानाच्या एररचं क्षेत्रफळ. समजा, दोन्ही मॉडेलांचे गेन 1, टाइम कॉन्स्टंट 20 सेकंद; पीआयचा गेन 0.5, इंटिग्रल टाइम 20 सेकंद. क्षेत्रफळ 10, म्हणून कपात 0.25 आणि नवा गेन 0.75. ओव्हरशूट जवळपास जातो. कागदावर दोन ओळींत बसणारं उत्तर, हीच या पेपरची ताकद.

माझी तक्रार पुढची आहे. हा 0.75 पीआयच्या आकड्यांना बांधलेला आहे. उद्या प्लांटमध्ये कुणी पीआय बदलला, तर फीडफॉरवर्ड गुपचूप चुकीचा होतो. पीआय मॅन्युअलवर टाकून फीडफॉरवर्ड चालू ठेवला, तर पाव भरपाई कायमची अपुरी. त्यापेक्षा अपेक्षित एररचा अंदाज काढून ती फीडबॅकपासून आधीच वजा करण्याची रचना मला जास्त पटते. अर्थात, मग सगळा भार मॉडेलवर येतो.

तेव्हा कुठलाही फीडफॉरवर्ड पेपर वाचताना आधी एवढंच तपासा: आलेख काढताना पीआय जोडलेला होता का?