‘उद्योजक’ कोणास म्हणावे?

व्यवसाय-स्वातंत्र्य वाढले व डिजिटल तंत्रज्ञान पसरले की उद्योजकता वाढते, हा सिद्धान्त देशोदेशींच्या आकडेवारीच्या आधारे अलीकडे वारंवार मांडला जातो. अर्थशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. तथापि सिद्धान्तातील पदांचे अर्थ निश्चित आहेत की नाहीत, हे तपासणे भाषाभ्यासकाच्या कक्षेत येते.

‘उद्योजक’ हे पद येथे किमान दोन अर्थांनी योजिलेले आढळते. जागतिक बँकेच्या आकडेवारीत 15 ते 64 वयाच्या दर हजार व्यक्तींमागे नव्याने नोंदलेल्या मर्यादित दायित्वाच्या कंपन्या मोजल्या जातात. उलट, 1999 पासून चालत आलेल्या ‘ग्लोबल आंत्रप्रनरशिप मॉनिटर’ ह्या पाहणीत प्रौढ व्यक्तींनाच प्रश्न विचारतात. तीत नोंदणी नसलेला विक्रेताही उद्योजक ठरतो. परिणामी पहिल्या मापाने प्रायः संपन्न देश पुढे दिसतात, दुसऱ्याने अनेक निर्धन देश.

व्यवसाय-स्वातंत्र्याचे एक प्रमुख मापही नोंदणीभोवतीच फिरत होते. जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ अहवाल कंपनी स्थापण्यास किती टप्पे, दिवस व खर्च लागतो हे मोजीत असे. आकडेवारीतील अनियमिततेनंतर 2021 मध्ये तो बंद झाला. जेथे नोंदणी सुलभ तेथे नोंदण्या अधिक, एवढाच निष्कर्ष अशा मापांतून निघत असेल, तर तो शोध नसून बव्हंशी पुनरुक्ती होय.

तंत्रज्ञानाने हा संभ्रम वाढविला आहे. एस्टोनियाने डिसेंबर 2014 पासून परकीयांस ‘ई-रेसिडेन्सी’ देऊ केली. त्यामुळे त्या देशात न राहताही तेथे कंपनी काढता येते. अशा कंपन्यांस एस्टोनियाच्या लोकसंख्येने भागले, तर मोजली जाते ती कोणाची उद्योजकता? केनियातील प्रश्न नेमका उलट आहे. तेथे 2007 मध्ये सुरू झालेल्या ‘एम-पेसा’ ह्या मोबाइलवरील पैसे पाठविण्याच्या सेवेमुळे सुमारे 1,85,000 स्त्रिया शेतीकडून व्यापार वा किरकोळ विक्रीकडे वळल्या, असे तवनीत सूरी व विल्यम जॅक ह्यांचे 2016 मधील अनुमान आहे. बाजारात बसून माल विकणाऱ्या स्त्रीला मर्यादित कंपनीचे प्रयोजन नसते. अर्थात नोंदणीच्या मापात ती उद्योजक नव्हेच.

ह्यावरून मूळ सिद्धान्त असत्य ठरतो असे नव्हे. परंतु ज्या आकड्यांवर शासनाची धोरणे बेतली जातात, त्यांतून कोण वगळले जाते हे व्याख्येतच ठरून जाते. तेव्हा परस्परसंबंध किती दृढ आहे हे विचारण्यापूर्वी, संबंध कशाचा कशाशी जोडला आहे, हे अभ्यासकाने विचारावयास हवे.